हक्कसोडपत्रावरची सही आणि स्त्रीवाद

रानवाट

स्त्रीवादावर चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरात शिरते, नाहीतर आडनावावर येऊन अडते. चहा कोणी करायचा, मंगळसूत्र घालायचं का, लग्नानंतर नाव बदलायचं का. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण वडील गेल्यापासून माझ्यापुरता हा विषय सातबाऱ्यावर येऊन थांबला आहे, आणि त्यावर इथे मोकळेपणी बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, त्यातली काही कॅनॉलच्या पाण्याखाली, बाकी जिरायत. आम्ही तीन भावंडं. थोरली आक्का, मग दादा, मग मी. आई वडिलांच्या आधीच गेली. वडिलांचे दिवस झाले आणि दादा म्हणाला, वारस नोंद आणि हक्कसोड, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याचा कागद, एकदमच उरकून घेऊ, सारखं सारखं तालुक्याला यायला नको. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. आमच्या दोन्ही आत्यांनी हेच केलं होतं, भावकीतल्या सगळ्या लेकींनी हेच केलं होतं. सहीला यायचं, साडी-चोळी घ्यायची, जेवून परत जायचं. पद्धतच ती.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आक्काचा नंबर आधी लागला. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, मग अंगठा मशीनवर टेकवायला सांगितला. मशीन ठसा घेईना. ऑपरेटर म्हणाला, मावशी, बोट पुसा आणि परत ठेवा. आक्काने पदराने पुसलं, परत ठेवलं, तरी घेईना. सासरी तीस वर्षं खुरपणी, भांगलणी, धुणं-भांडी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. शेवटी दुसऱ्या हाताचं बोट चाललं. ती मशीनशी झटत होती तोवर मी टेबलावर पडलेला दस्त वाचत होते. त्यात छापील वाक्य होतं की हा लेख मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला लिहून देत आहे.

आदल्या रात्री आक्का आणि मी माडीवर झोपलो होतो. मी तिला विचारलं, तुला खरंच द्यायचं आहे का? ती म्हणाली, "माझं काय गं, पण पोरीच्या लग्नात मामा पाठीशी उभा राहायला नको का?"

तिची राजीखुशी म्हणतात ती एवढीच होती. दादाने तिला धमकी दिली नव्हती, कोणी हात पिरगाळला नव्हता. पण सही नाही केली तर काय काय बंद होईल याचा हिशेब तिने मनातल्या मनात केला होता. भाऊबीज बंद, बाळंतपणाला माहेर बंद, लग्नात मामा नाही, आणि उद्या नवऱ्याने हाकललं तर जायला दार नाही. तीन एकर एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला. दादाला असा हिशेब आयुष्यात कधी करावा लागला नाही. त्याला जमीनही मिळाली आणि बहिणीही राहिल्या.

मी सही केली नाही. मला पुण्यात नोकरी आहे, भाड्याचं का होईना घर आहे, मुलगी अजून लहान आहे. म्हणजे 'नाही' म्हणायची ऐपत माझ्यात होती, आक्कात नव्हती. गावात आता बोललं जातं की शिकलेल्या पोरींचं हे असंच, पगार असून भावाच्या ताटातलं ओढते. दादा फोनवर कामापुरतं बोलतो.

माझ्या मते स्त्रीवाद म्हणजे हेच बघणं, की बाई 'हो' म्हणाली तेव्हा 'नाही' म्हणायची किंमत काय होती. ती किंमत तिला एकटीलाच मोजावी लागत असेल तर त्या होकाराला मर्जी म्हणता येत नाही. कायद्याने हक्क दिला, तो सोडायला लावण्याचं काम मात्र माया, रीत आणि भीती मिळून करतात. तुम्हाला काय वाटतं? तुमच्याकडे काय झालं?

---

ओसरी

रानवाट, वाचून रात्रभर आत कालवाकालव झाली. मी सत्तरीची आहे. माझी सही १९८० च्या दशकात झाली, तेव्हा तर कोणी कागद वाचूनही दाखवला नव्हता. तलाठी घरी आला होता, चहा झाला, सही झाली. मला त्या वेळी जमिनीचं दुःख अजिबात झालं नाही. दुःख पुढे झालं, भाऊ गेल्यावर. भाचे म्हणाले, आत्या, तुमचं आता इथे काय आहे? त्यांचं कागदावर बरोबर होतं.

आक्काला सांग, तिची चूक नाही.

---

वारणाकाठ

मी भावाच्या बाजूने लिहितो आहे. कृपया राग न धरता वाचा.

माझ्या दोन बहिणी आहेत, दोघींनी हक्कसोड दिलं आहे. मी त्यांना फसवलं नाही. दोघींच्या लग्नात वडिलांनी कर्ज काढलं, ते मी ऊस घालून फेडलं. एकीच्या नवऱ्याला धंद्याला पैसे दिले. वडील शेवटची चार वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं माझ्या बायकोने आणि मी केलं. बहिणी यायच्या, रडायच्या, चार दिवस राहून जायच्या. सातबाऱ्यावर तिघांची नावं राहिली तर सोसायटीचं पीककर्ज उचलताना दरवर्षी दोघींची संमती लागते, एक मुंबईला, एक इचलकरंजीला. विहिरीला अनुदान घ्यायचं तरी सह्या. आणि उद्या मेहुण्याने ठरवलं की हिस्सा विकायचा, तर बांधाला बांध लावून परका माणूस येणार.

ज्याने राबायचं त्याच्याच नावावर जमीन असावी, एवढंच माझं म्हणणं. याला पुरुषी वर्चस्व म्हणायचं असेल तर म्हणा, पण मी माझ्या जागेवरून बोलतो आहे.

---

रानवाट

वारणाकाठ दादा, राग नाही. उलट तुम्ही जे लिहिलंत तेच दादा मनात म्हणत असणार, तो बोलत नाही म्हणून मला तुमच्याकडून ऐकायला मिळालं.

लग्नाचा खर्च हिश्शात धरायचा तर दादाच्या लग्नाचाही धरावा लागेल, त्याच्या शिक्षणाचा आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याचाही. आमच्या लग्नात जे दिलं त्यातली बरीचशी रक्कम सासरच्या मानपानात गेली, ती आमच्या हातात कधी आलीच नाही. आई-वडिलांच्या सेवेचं म्हणाल तर ती मोठी गोष्ट आहे आणि तिचा मोबदला मिळायला हवा. पण तुम्हीच लिहिलंत की सेवा तुमच्या बायकोने केली. मग जमिनीत तिचं नाव कुठे आहे? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही, मला खरंच उत्तर हवं आहे.

---

दस्तऐवज

मी सातारा-सांगली भागात दिवाणी वकिली करते. चर्चेत कायद्याची बाजू स्पष्ट असावी म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हे हिंदू वारसा कायद्यापुरतं आहे.

रानवाटचे नऊ एकरच उदाहरण म्हणून घेऊ. वडील, एक मुलगा, दोन मुली, आई हयात नाही. १९५६ च्या कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्याला होता. वडील वारले की आधी वडील आणि मुलगा यांच्यात मानीव वाटणी व्हायची, म्हणजे मृत्यूच्या आधीच वाटणी झाली असं कायदा धरायचा, साडेचार-साडेचार एकर. मग वडिलांच्या साडेचार एकरांत तिघं वारस, म्हणजे प्रत्येकी दीड. मुलाकडे सहा एकर, मुलींकडे दीड-दीड. शिवाय राहत्या घरात वाटणी मागायचा अधिकार मुलीला नव्हता, भाऊ वाटणी करतील तेव्हाच. ते कलम २३ होतं.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला, केंद्राच्या बऱ्याच आधी. पण त्यात एक अट होती, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. रानवाटची आक्का त्यातच अडकली असती. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली, कलम २३ ही गेलं. त्यानंतरही पंधरा वर्षं भांडण चालू होतं की वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्माने येतो. तेव्हा आज नऊ एकरांत तिघांना तीन-तीन. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही.

आता अनुभवाचं. माझ्याकडे येणाऱ्या बायका हक्क मागायला क्वचित येतात. येतात त्या सही झाल्यावर, बऱ्याच वर्षांनी, भाऊ-भावजयीशी बिनसल्यावर, की ताई आता काही होईल का? नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करायचं तर फसवणूक किंवा दडपण पुराव्यानिशी शाबित करावं लागतं. आणि रानवाटने लिहिलंय तसलं दडपण कुठल्याच पुराव्यात बसत नाही. कोणता साक्षीदार आणायचा, की मला मामा हवा होता?

---

मांडवी

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती, आणि आजच्या वारसा कायद्याचा पायाही तोच आहे. मुलगा-मुलगी समान वारस, धर्म कुठलाही असो. आई-बापाला इस्टेटीचा निम्मा भाग मुलांना डावलून कोणाला देता येत नाही. लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. कागदावर बघाल तर तुम्ही ज्यासाठी भांडताय ते आमच्या पणजीलाही होतं.

तरीही माझ्या आईने, मावशीने, दोन्ही काकूंनी हक्क सोडून दिले. नोटरीसमोर बसून, शिवाय मालमत्ता जोडीची असल्यामुळे नवऱ्यालाही शेजारी बसवून सही करावी लागते. माझे बाबा आजही म्हणतात, मी सही केली नसती तर लोक म्हणाले असते जावई सासरच्या जमिनीवर डोळा ठेवून आहे.

म्हणून कायदा आला की काम झालं असं समजू नका. आमच्याकडे कायदा दीडशे वर्षांचा आहे आणि सह्या अजून चालूच आहेत.

---

बांधावरून

मी आजवर इथे फक्त वाचायचे, आज खातं उघडलं. मी वर ज्या भावांबद्दल बोलणं चाललंय त्यातल्याच एका भावाची बायको आहे.

माझी नणंद पुण्याला असते. सासरे गेल्यावर तिने सही दिली नाही. कायद्याने तिचं बरोबर आहे, मला मान्य आहे. पण त्या जमिनीत मी राबते. पहाटे चारला लाइट असते तेव्हा मोटार चालू करायला मी जाते, साप-विंचू बघत. मी कांदा लावते, काढते, खांडते. सासऱ्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या जागी आता माझा नवरा आणि नणंद अशी दोन नावं आहेत. मी कुठेच नाही. नवऱ्याने उद्या विकलं तर मला कोणी विचारणार नाही. माझ्या माहेरी मी सही करून आले, कारण सासू म्हणाली, माहेरची जमीन आणून भांडण कशाला.

म्हणजे माहेरचं सोडलं आणि सासरचं मिळालं नाही. नणंदेला तिचा स्त्रीवाद आहे, नवऱ्याला परंपरा आहे. माझ्यासाठी काय आहे ते सांगा.

---

ओसरी

बांधावरून, बाई, बरं झालं लिहिलंस.

---

खानदेशी

बांधावरून ताई, तुमच्या प्रश्नाला एक उत्तर आमच्या भागात द्यायचा प्रयत्न झाला होता, म्हणून सांगतो.

मी जळगाव जिल्ह्यातला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आमची आई ट्रकमधून गेली होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभरावर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव. आमच्याच जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. मांडणी अशी की शेतकऱ्याला बाजारात भाव मिळत नाही म्हणून तो ओरडतो, पण घरात त्याच्या बायकोच्या कष्टाला तो स्वतः काय भाव देतो? हे त्या काळात गावच्या पारावर, पुरुषांसमोर बोलणं सोपं नव्हतं.

वडिलांनी दोन एकर आईच्या नावावर केली. तलाठी दोनदा विचारून गेला, नक्की ना? पुढे धाकट्या काकाने दारूपायी स्वतःची सगळी जमीन घालवली. वडिलांवरही वाईट दिवस आले, पण त्या दोन एकरांना हात लागला नाही, कारण आईची सही लागत होती आणि आई सही देईना. आम्ही शिकलो ते त्या दोन एकरांवर.

महसूल खात्याची लक्ष्मीमुक्ती योजना आजही आहे, १९९२ च्या परिपत्रकाची. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. मात्र अर्ज नवऱ्यानेच करायचा आहे, तिथे ती अडते. हे दान झालं, हक्क झाला नाही, ही टीका तेव्हाही झाली होती आणि ती खरी आहे.

---

रानवाट

बांधावरून, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझी वहिनी इथे लिहायला आली असती तर तिने हेच लिहिलं असतं.

मला जे दिसतं ते सांगते. जमीन फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे जाते असं धरलं की घरातल्या दोन बायका एकमेकींच्या समोर उभ्या राहतात. नणंदेला मिळालं तर भावजयीचं गेलं, आणि भावजयीला राहिलं तर नणंदेने सोडलं. या दोघींमध्ये कधी जमत नाही असं म्हणून आपण ओव्या गातो, मालिका बघतो. भांडणाचं मूळ सातबाऱ्यात आहे आणि दोष स्वभावाला देतो. तुम्ही माहेरी सही केलीत म्हणून तुमच्या भावजयीला काही मिळालं का? तिचंही नाव तिथे लागलं नसणार.

म्हणून माझं म्हणणं पहिल्या पोस्टपेक्षा पुढे नेते. लेकीचा हिस्सा आणि राबणारणीचा हिस्सा या दोन्ही मागण्या एकत्रच करायला हव्यात. मी दादाला आता असं कळवणार आहे की माझे तीन एकर वेगळे वाटून दे, मी ते तुम्हालाच खंडाने कसायला देते, दुसऱ्या कोणाला देणार नाही आणि विकणारही नाही. पण खंडाचा कागद वहिनीच्या नावाने होईल. आणि तुझ्या हिश्शात तिचं नाव सहधारक म्हणून लाव. तो काय म्हणेल माहीत नाही. वहिनीला आधी विचारलं, ती म्हणाली, तुमच्या दादाला माझं नाव पुढे करून सांगू नका, मला इथे राहायचं आहे. तिलाही आक्कासारखाच हिशेब करावा लागतो आहे.

---

समांतर

धागा चांगला आहे, पण शीर्षकात स्त्रीवाद कशाला? हा वारसाहक्काचा आणि कौटुंबिक न्यायाचा प्रश्न आहे. स्त्री-पुरुष समानता म्हणा, सगळे बरोबर येतील. स्त्रीवाद म्हटलं की निम्मे लोक आधीच दार लावून घेतात.

---

दस्तऐवज

समांतर, दार लावून घेणारे लोक समानता म्हटल्यावरही हिस्सा देत नाहीत, हे मी रोज बघते.

समानता ही मागणी झाली. ती का पुरी होत नाही याची चौकशी स्त्रीवाद करतो. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं ते याच चौकशीसाठी. सुरतेत एका विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रं समस्त बायकांना नावं ठेवू लागली, तेव्हा त्यांनी विचारलं की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, आणि विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही हे ठरवलं कोणी? त्यांच्या बाजूने जोतीराव उभे राहिले. पुढे १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं. त्यांचा मुद्दा आक्काच्या दस्तातल्या वाक्याच्या अगदी जवळचा आहे, की जिथे माझी संमती कधी घेतलीच नाही ते माझ्यावर बंधनकारक कसं? शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या.

मराठीत ही विचारणा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिचं नाव घ्यायला का कचरायचं?

---

निळीपहाट

सगळ्यांच्या पोस्ट वाचल्या. माझ्या घरात नऊ एकर नाहीत, नऊ गुंठेही नाहीत. आजी, आई दोघी दुसऱ्याच्या रानात मजुरीला. आम्हाला हक्कसोड द्यायला हक्क तरी कुठे होता?

दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. २००५ चा कायदा आला म्हणून आनंद मानताना हे लक्षात ठेवा की बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा आणि जन्मतः हक्काची ती पुरुषांची साखळीच मोडायची तरतूद मांडली होती. ते बिल गुंडाळलं गेलं, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५५-५६ मध्ये तुकड्या-तुकड्याने कायदे झाले त्यात ती साखळी तशीच ठेवली. वकीलताईंनी सांगितलेलं सहा एकर आणि दीड एकरचं गणित तिथून आलं. ज्या घरांना त्या बिलाचा सगळ्यात जास्त उपयोग होता, त्याच घरांतून त्याला विरोध झाला.

दुसरी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यात बायका कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. माझी आजी सांगायची. त्या कोणाच्या वारस म्हणून जमीन मागत नव्हत्या, कसणारी म्हणून मागत होत्या. त्यांच्याच नावाची सबळीकरण योजना २००४ पासून आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, त्यात विधवा आणि परित्यक्तांना आधी प्राधान्य. विकत घ्यायला जमीनच मिळत नाही म्हणून ती रखडते. आमच्या तालुक्यात दरवेळी हेच उत्तर मिळतं.

स्त्रीवाद वारसाहक्कापाशी थांबला तर तो ज्यांच्या बापाकडे काही आहे त्यांच्याच लेकींचा राहील. बांधावरून ताईंचा प्रश्न आणि माझ्या आईचा प्रश्न एकमेकांच्या जास्त जवळ आहेत. दोघी कसतात आणि दोघींचं नाव नाही.

---

रानवाट

निळीपहाट, हे माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. माझ्या तीन एकरांत खुरपायला येणाऱ्या बायकांचा विचार मी या सगळ्यात एकदाही केला नव्हता. यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? मला वाचायला आवडेल.

---

काळीमाती

यवतमाळ जिल्ह्यातून. मी शेतकरी विधवांच्या गटासोबत काम करते.

नाव नसण्याचा अर्थ आमच्याकडे नवरा गेल्यावर कळते. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवऱ्याने फास घेतला. शासनाची एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात, बाकी ७० हजार ठेवीत. तीही प्रकरण पात्र ठरलं तर. मग दीर म्हणते, वहिनी, तुम्ही माहेरी जा. माहेरी सही आधीच झालेली. पीककर्ज नाही, विमा नाही, गारपीट झाली तर पंचनाम्यात नाव नाही, कारण सातबारा तिचा नाही. आणि शेतात राबणाऱ्या बाईनेच विष घेतलं तर ती गृहिणी म्हणून मोजल्या जाते. देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून नोंदलेल्या बायका सुमारे १४ टक्केच होत्या. धुऱ्यावर उभं राहून पाहा, रानात कोण दिसते?

बायकांना मी पहिली गोष्ट ही सांगते की नवरा जिवंत असतानाच, सासऱ्याच्या नावावरची वडिलोपार्जित जमीन नवऱ्याच्या हिश्शाला वाटून घ्या. नवरा मेला तरी त्याचा वाटा तुमच्याकडे आणि लेकरांकडे येते हे कायद्यात आहे, पण एकट्या बाईने दिराशी तहसीलात भांडायचं म्हणजे वर्षं जातात.

वारणाकाठ दादा, तुमच्या बायकोचं नाव लावून टाका. तुम्ही चांगले माणूस दिसता, म्हणून सांगते.

---

वारणाकाठ

काल रात्री बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पीककर्जाला बहिणींची सही नको म्हणून नावं काढलीत, माझी सही तरी कशाला हवी असेल तुम्हाला. मला उत्तर सुचलं नाही.

बहिणींच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर आहे. बायकोच्या बाबतीत नाही. वकीलताई, त्या लक्ष्मीमुक्तीच्या अर्जाला काय काय लागतं?

---

दस्तऐवज

वारणाकाठ, जमीन तुमच्या एकट्याच्या खात्यावर असेल तर तलाठ्याकडे साधा अर्ज, सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा, दोघांचं आधार, लग्नाचा किंवा नात्याचा पुरावा. फेरफार धरला जाईल, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी प्रमाणित करतील. तलाठी अशी योजना नाही म्हणाला तर परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा, तहसीलदारांकडे लेखी द्या.

रानवाट, तुमच्यासाठी आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक. ज्यांच्या नावावर काही आहे किंवा येणार आहे त्या बायकांनी मृत्युपत्र करून ठेवा. वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा-मुलं नसली, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे त्यानंतर. बापाकडून आलेली मिळकत तेवढी बापाच्या वारसांकडे परत जाते. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरहून हाकललेल्या बाईची पुढच्या आयुष्यातली सगळी कमाई सर्वोच्च न्यायालयाने सासरच्यांना दिली, आई हयात असताना. कारण मृत्युपत्र नव्हतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीने मृत्युपत्र होतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आणि आक्कांचं. दस्त कधी नोंदला, त्यात कोणाच्या लाभात हक्क सोडला आहे, फक्त भावाच्या की सगळ्या सहहिस्सेदारांच्या, ते मला वैयक्तिक संदेशात कळवा. दस्ताच्या मजकुरात नावानिशी भाऊ लिहिला नसेल तर तुमचा हिस्साही वाढला असू शकतो. मग तो पुढे आक्कांना बक्षीसपत्राने द्यायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

---

रानवाट

दस्तऐवज ताई, नोंदलेल्या दस्ताची नक्कल काढायला टाकते. मजकूर वाचून संदेश करते.